मंगळवारचा संघ

"तुझा पोरगा झोपलाय की मेलाय?" मर्ल म्हणाला आणि त्याने आपला फोन लॉयडच्या नाकासमोर धरला. "बघ की! टिबेट्सचा खांदा निखळून पाच दिवस झाले, तरी अजून संघात. चार गडी जायबंदी, चारही मैदानात. आणि असल्या संघापुढे तुझा जीव टांगणीला!"

सप्टेंबरातली रविवारची संध्याकाळ होती. दोघे भाऊ लॉयडच्या गॅरेजात घडीच्या खुर्च्या टाकून टीव्हीवर बेसबॉल बघत बसले होते, मध्ये बर्फाच्या खोक्यात बिअर. हॅबेगर घराण्याची ही लीग तेवीस वर्षं चालू होती. काका, पुतणे, मेव्हणे मिळून बारा संघ. खेळाडू खरे, संघ कागदावरचे. आपण निवडलेल्यांनी आठवडाभर खऱ्या सामन्यांत जे गुण कमावले ते आपले. दर आठवड्याला एकाची एकाशी गाठ. रोज सकाळी जायबंदी गडी बाहेर काढायचा, धडधाकट आत घ्यायचा, एवढंच काम. ते केलं नाही तर त्या जागेवर भोपळा.

प्लेऑफच्या बाद फेरीआधीचा हा शेवटचा आठवडा. जिंकला तर लॉयड सात वर्षांनी आत जाणार होता. हरला तर थंडीभर मर्लचे टोमणे खात बसणार होता. आणि समोर होता कोरी, त्याचा एकुलता एक मुलगा, तिकडे दोन हजार मैलांवर स्पोकेनला एकटा राहणारा.

कोरी रोज सकाळी सहाला संघ लावायचा. नऊ वर्षांत एकदाही चुकला नव्हता. आईच्या अंत्यविधीच्या दिवशीसुद्धा चर्चच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून त्याने तेवढं उरकलं होतं, आणि लॉयडने पाहून न पाहिल्यासारखं केलं, कारण तो स्वतः तेच करून आला होता. त्यानंतर बापलेकांत बोलण्यासारखं एवढंच उरलं. गाठ पडली की आठवडाभर कोरीचा रोज एक खवचट मेसेज यायचा, लॉयडचा उलट जायचा. या मंगळवारी आला तो असा: "म्हाताऱ्या, रविवारपर्यंत तुझा भुगा करतो." मग काहीच नाही. संघाखालची ओळ पाच दिवस तशीच होती: शेवटचा बदल, मंगळवार, सकाळी सहा वाजून तीन मिनिटं.

लॉयडला ती बुधवारीच दिसली होती. त्याने फोन उचलला, कोरीचं नाव काढलं, आणि फोन परत ठेवून दिला. फोन केला की पोरगा सावध होणार, संघ उघडणार, चारही गडी बदलणार. कामात असेल. आठवडा संपला की करू. गुरुवारी त्याने स्वतःला हेच पुन्हा सांगितलं. शुक्रवारपासून सांगावंही लागलं नाही.

"फोन तरी केलास का त्याला?" मर्लने विचारलं.

"तू केलास?"

"माझा पोरगा आहे का तो?" मर्लने नवा कॅन फोडला. "आणि खरं सांगू? तुझ्या जागी मीपण नसता केला."

लॉयड तीन गुणांनी पुढे होता. कोरीचा एकच गडी खेळायचा उरला होता, सालदान्या, आणि तो शेवटच्या डावात बॅट घेऊन उभा होता. त्याने एक चेंडू कुंपणापार भिरकावला की लॉयडचा खेळ खलास. चेंडू उडाला, खूप वर गेला, आणि अगदी कुंपणाला पाठ टेकवून कुणीतरी झेलला.

लॉयड खुर्ची उलटी पाडून ओरडला. मर्लने त्याच्या पाठीत धपका घातला. "मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाल्लंस लेका, पण आत गेलास एकदाचा!"

लॉयडने पँटला हात पुसले, गॅरेजच्या दारापर्यंत गेला आणि फोन लावला. तिसऱ्या घंटीला उचलला गेला.

"डॅड." आवाज खोल गेलेला. मागे कसलंसं यंत्र टिकटिकत होतं.

"अरे, आहेस कुठे तू?"

"हॉस्पिटलमध्ये. मंगळवारी दुपारी अपेंडिक्स फुटलं. दोन दिवस शुद्धच नव्हती."

"आणि कळवायचं नाही? एक मेसेज टाकायला काय—"

"गुरुवारी फोन हातात आला. नर्स म्हणाली, घरी कळवा. म्हटलं, कळवायला कशाला हवं? संघाला हात लावला नाही की डॅडला कळेलच." तो जरा दम घ्यायला थांबला. "तुला दिसलं ना?"

"दिसलं."

"कधी?"

शनिवारी म्हणावं, असं लॉयडच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"बुधवारी," तो म्हणाला.

"हं." यंत्र टिकटिकत राहिलं. "इथे टीव्ही आहे. मीपण बघत होतो. सालदान्या बाद झाला त्याला चार मिनिटं झाली."

लॉयडला स्वतःची किळस आली. "मी येतो. उद्याचं पहिलं विमान पकडतो."

"नको. उद्या घरी सोडतायत मला." कोरीचा आवाज आता नेहमीसारखा झाला, रोजच्या मेसेजसारखा. "ते जाऊ दे. जिंकलास ना? पुढच्या आठवड्यात कोण आहे समोर?"

लॉयडला वेळापत्रक उघडावं लागलं नाही. ते त्याला शुक्रवारपासून पाठ होतं.

"मर्लकाका," तो म्हणाला.

मागे आपलं नाव ऐकून मर्लने खुर्चीतूनच कॅन उंचावला.