राख सावडताना

भगवंतरावाच्या काळजातच मांसाचा गोळा वाढत होता. यष्टीनं बुलढाण्याला नेलं, तर डॉक्टर म्हणाले, असा कॅन्सर लाखात एखाद्याला होतो. पोळ्याच्या आधीच माणूस गेला.

तिसऱ्या दिवशी धाकटा भाऊ कडूबा धाड गावच्या मसणवट्यात राख सावडायला बसला. हाडं पांढरीफटक झाली होती. छातीच्या जागी मात्र मुठीएवढा गोळा तसाच होता, लालभडक आणि ओला.

"काका, हा जळला काऊन नाही?"

शेजारी बसलेल्या उकंडकाकांनी दुधाचा लोटा पुढं सरकवला. "दूध टाक त्याच्यावर. थंड होऊ दे त्याले."

कडूबानं लोटा तिरपा केला. दुधाचा थेंबही राखेत उतरला नाही. सगळं गोळ्यातच मुरलं, आणि घटाघटा गिळल्याचा आवाज आला.

काका दचकून मागं सरले. पण ते राखेकडे बघत नव्हते.

आवाज कडूबाच्या छातीतून आला होता.