काटा चाळिसावर

इंजिन धडधडत होतं, पट्टा फिरत होता, पण टायरात हवा भरायच्या टाकीवरचा काटा चाळिसाच्या पुढं हलायला तयार नव्हता. मारुतीनं सकाळपासून पंप दोनदा खोलला. रिंगा पाहिल्या, झडपा रॉकेलनं धुतल्या, पट्टा ताणला. रुसलेला व्याहीसुद्धा एवढा अडून बसत नाही.

ओसरीबाहेर उमाशंकरची कुक्षीला जाणारी बस चाकं दबून उभी होती. उतारू कावले होते.

"मारुती भिया, अस्सी से कम में गाडी घाट नी चढेगी," उमाशंकर म्हणाला. "आज हवा नी भरी, तो कल से अपना काम इंदौर."

मारुतीचं घर या एका बसवाल्यावर चालत होतं. तो गेला की चूल गार.

शेवटी त्यानं साबणाचं पाणी केलं आणि चिंधीनं एकेक जोड भिजवत गेला. जादा हवा सोडणाऱ्या सेफ्टी वॉल्ववर फसफसून फेस आला. काखेत कळसा अन् गावाला वळसा! हा नट तर नवी टाकी बसवली त्या दिवशी त्यानं स्वतःच्या हातानं आवळला होता. तो वाकला. नट सैल होता, त्यावर सांडशीचे ओरखडे होते आणि आट्यांत ज्वारीचं पीठ सुकलं होतं.

त्यानं मागं पाहिलं. त्याची आई सुभद्रा चुलीपाशी भाकरी थापत होती. पिठाचे हात तिनं लपवले नाहीत.

"आई, हे कशाला केलंस?"

"मला आकडे कळत नाहीत. तुझा धाकटा भगवंत गेला तेव्हा काटा सरळ उभा होता, एवढं ठाऊक आहे."

"ती टाकी गंजकी होती, म्हणून फुटली. ही नवी आहे."

"'अजून आवळ, काही होत नाही,' म्हणून धाकट्यावर तूच ओरडला होतास. मी ऐकलंय."

हे फक्त आपल्यालाच ठाऊक आहे, असं मारुती वर्षभर समजत होता. बाहेर भोंगा वाजला.

त्यानं पाना उचलला आणि नट आवळला. काटा हलला. पन्नास. साठ.

सुभद्रेनं तव्यावरची भाकरी उतरवली, पदराला हात पुसले आणि येऊन टाकीला पाठ लावून बसली.

"आई, ऊठ तिथून!"

"काही होत नाही म्हणतोस ना? मग भर त्याच्या गाडीत हवा."

काटा सत्तर ओलांडून सरळ होत चालला होता. दुपारची जरा टेकावी तशी सुभद्रेनं पाय पसरले आणि डोळे मिटून घेतले.