दारावरची 'ड'

"ड," ती म्हणाली आणि कागदावर तसंच लिहिलं.

गच्चीवर उभ्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी आधी तिच्याकडे बघितलं, मग तिच्या वडिलांकडे. ही पाच मजली इमारत तिच्या वडिलांनीच उभी केली होती आणि ते राहतही तिथेच होते. आराखडा त्यांचा, देखरेख त्यांची, आणि पश्चिमेकडची ती डोळे दिपवणारी काचेची भिंत म्हणजे तर त्यांच्या आयुष्यभराच्या कामातला मानाचा तुरा. त्या काळी कॉलेजची मुलं ती बघायला यायची. लहानपणी ती स्वतः मैत्रिणींना रस्त्यापलीकडे उभं करायची आणि "ही माझ्या बाबांनी बांधली" असं छाती फुगवून सांगायची.

आता कायदा आला होता. प्रत्येक इमारत किती वीज खाते ते मोजायचं, 'अ' ते 'ड' अशी श्रेणी द्यायची आणि तिची पाटी दर्शनी दारावर लावायची. श्रेणी खालची आली तर सुधारणांचा निम्मा खर्च सरकार देणार होतं, पण पाटी आधी लागणार होती. माझ्याच वडिलांची इमारत आहे, दुसऱ्या कोणाला पाठवा, असं तिने तपासणी खात्याच्या आपल्या ऑफिसात सांगून पाहिलं होतं. साहेबांनी तपासणीला एक सहकारी सोबत दिला आणि तो भाग तुझ्याकडेच आहे म्हणून तिलाच पाठवलं.

सकाळपासून बाबांनी मोठ्या हौसेने सगळं दाखवलं होतं. मीटरची खोली, पाण्याची मोटर, दिवसाढवळ्या दिवे जळणारे जिने. काचेची भिंत त्यांनी शेवटी राखून ठेवली होती. तिने त्या भिंतीवर उष्णता दाखवणारा कॅमेरा धरला, तर पडद्यावर भिंत लालेलाल. उन्हाळ्यात ती सगळं ऊन आत घ्यायची आणि थंडीत आतली ऊब बाहेर टाकायची. मोटर तर गरजेपेक्षा दुप्पट मोठी होती.

सेक्रेटरींना गळका नळसुद्धा सोसायटीची बदनामी वाटायचा. ते तिला बाजूला घेऊन म्हणाले, "बाळ, घरचं माणूस म्हणून निदान 'क' तरी कर. त्यांच्या वयाचा तरी विचार कर."

"आकडे 'क'चे नाहीत, काका."

बाबांनी ते ऐकलं. "बरं," एवढंच म्हणाले आणि जिना उतरून गेले.

पाटी आली तेव्हा सेक्रेटरींनी ती पत्रपेट्यांच्या मागे लावायचं ठरवलं होतं. बाबांनी ऐकलं नाही. स्वतः ड्रिल आणून त्यांनी ती दाराशेजारी, येणाऱ्याच्या बरोबर नजरेसमोर बसवली. इमारतीत कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणालं मुलीने बापाचं नाक कापलं, कोणी म्हणालं म्हातारा तिच्यावरचा राग असा काढतोय. तिलाही तसंच वाटलं. रविवारी ती आईबाबांकडे जेवायला जायची तेव्हा बाबा हवेबद्दल बोलत, भाजीबद्दल बोलत, पण पाटीबद्दल तोंडातून ब्र काढत नसत. आईला विचारलं तर ती म्हणायची, मला काय माहीत, मलाही काही सांगत नाहीत.

मग बाबांनी जुने आराखडे बाहेर काढले. काचेच्या भिंतीला आडव्या फळ्यांच्या सावल्या द्यायच्या, गच्चीला पांढरा थर, मोटर लहान, जिन्यात माणूस आला की लागणारे दिवे. सगळं पुन्हा स्वतः काढलं. सरकारी निम्म्या खर्चाचा अर्ज द्यायला ते तिच्याच ऑफिसात आले, पण तिच्या टेबलाकडे न येता दुसऱ्या रांगेत उभे राहिले. फायलीआडून ती त्यांची पाठ बघत राहिली. एक शब्द विचारला असता तर तिने सगळं करून दिलं असतं. पण त्यांनी विचारलं नाही, आणि ते तिला फार लागलं.

काम झालं आणि इमारत बदलली. सर्वात वरच्या मजल्यावरची नर्स दिवसपाळी असो की रात्रपाळी, कित्येक वर्षांनी स्वतःच्या, आता न तापणाऱ्या बेडरूममध्ये झोपू लागली. खालच्या औषधवाल्याचा एसी दुपारपर्यंत बंद राहू लागला आणि वाचलेल्या बिलातून त्याने दुकानात हाताखाली एक बाई ठेवली. एकेकाळी नाक मुरडणारे आता पाहुण्यांना त्या फळ्या कौतुकाने दाखवू लागले. पुन्हा मोजणी झाली. या वेळी सहकारी एकटाच आला आणि 'ब' देऊन गेला.

नवी पाटी घेऊन मात्र ती स्वतः आली. आज तरी बाबांच्या मनातलं किल्मिष जाईल, अशी तिला आशा होती. दाराशी सगळे जमले होते. सेक्रेटरी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन जुनी पाटी काढायला पुढे झाले, तेवढ्यात बाबांनी त्यांचा हात धरला.

"ही राहू दे. नवी तिच्या वर लावा."

सेक्रेटरींना हे काही पटेना. त्यांनी तिलाच विचारलं, नियमात बसतं का हे. नवी पाटी वर असेल तर चालतं, असं ती कशीबशी म्हणाली. म्हणजे बाबा काहीच विसरले नव्हते. तिने केलेलं ते दारावर कायमचं ठेवणार होते, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं. तिला तिथून निघून जावंसं वाटलं.

"अहो, पण कशाला?" सेक्रेटरी वैतागून म्हणाले. "एवढी छान 'ब' मिळाली असताना ती 'ड' कशाला मिरवायची?"

बाबांनी खिशातला रुमाल काढून जुनी पाटी पुसली.

"'ब' काय, कोणीही दिली असती," ते म्हणाले. "'ड' द्यायला माझी मुलगी लागली."