दोन तऱ्हांची घंटा

तोर्तेल्लिनीच्या पास्त्याची पोळी तिसऱ्यांदा फाटली, तेव्हा सिन्योरा लेदांनी आर्जाच्या हातातलं लाटणं काढून घेतलं.

"बस तू. हात बघ कसे थरथरतायत."

"तुम्ही नका हो, सिन्योरा. कारखान्याच्या मालकीणबाई तुम्ही."

"कारखान्याची असेन. तुझ्या स्वयंपाकघरात कसली आलीय मालकी? बस म्हणते ना."

आर्जा बसली. खुर्ची रिकामी होती, पण ती पिठाच्या पोत्यावर बसली.

युद्धाआधी मान्तोवींच्या कारखान्यात पाण्याचे पंप व्हायचे. बॉम्बनं अर्धा कारखाना नेला. उरलेल्या अर्ध्यात लेदांचे यजमान आर्मिदो मान्तोवी यांनी शर्यतीची लाल गाडी बनवली, आणि गावानं त्यांना वेड्यात काढलं. गाडी एक, ती चालवणारा एक, तो म्हणजे आर्जाचा नवरा ईवो. आज रेज्जोची शर्यत जिंकली तर मान्तोवी गाड्या बनवणार. नाही तर पुन्हा पंप.

गावात फोन दोनच होते. एक मालकांच्या ऑफिसात, त्याचा रिसीव्हर सकाळीच काढून ठेवलेला. दुसरा पाद्रीबाबांकडे. जिंकलो तर बाबांनी घंटेचा दोर सोडायचाच नाही, असं ठरलं होतं. माणूस गेला तर एकेक ठोका, मध्ये श्वास घेण्याइतकी जागा ठेवून. निम्मं गाव कम्युनिस्ट. तेही दुपारपासून चर्चकडे कान लावून बसलं होतं.

"हात बरे आहेत ना ईवोचे?" लेदांनी विचारलं. गेल्या महिन्यात चाचणीच्या वेळी ईवो गाडीसकट कालव्यात गेला होता. गाडी आठवड्यात दुरुस्त झाली.

"बरे आहेत," आर्जा म्हणाली. "गाडी चालवणाऱ्याचे हात अगदी स्थिर आहेत."

"सकाळी आमच्या गच्चीखालून गेला. चष्मा, रुमाल, सगळा जामानिमा. मी एवढा हात हलवला, पठ्ठ्यानं मान वर केली नाही. एरवी टोपी काढून वाकतो."

"शर्यतीच्या दिवशी तो तसाच असतो, सिन्योरा. घरी येईपर्यंत चष्मा-रुमाल काढत नाही. अपशकुन होतो म्हणे. बक्षीससुद्धा तसाच घेतो."

"हे शर्यतवाले सगळे एका माळेचे मणी. माझी आई मरताना आर्मिदोचा हात धरून म्हणाली, पुन्हा शर्यतीत गाडी चालवणार नाही अशी शपथ घे. घेतली त्यानं. आई त्याला ओळखून होती. तेव्हापासून शर्यत म्हटली की ऑफिसाचं दार आतून लावतो, खिडक्या मिटतो आणि अंधारात बसतो. गाव हसतं, भित्रा म्हणतं." लेदांनी पोळी उचलून उजेडाकडे धरली. "हसू दे. भित्रा तर भित्रा, घरी तरी आहे. तुझ्याकडे बघवत नाही गं मला."

आर्जालाही त्यांच्याकडे बघवत नव्हतं. ती खिडकीबाहेर बघत राहिली.

शेजारच्यांच्या रेडिओवर बातमी लागली. शर्यतीच्या वाटेवर, रुबिएराच्या वळणावर दोन गाड्या झाडांवर आदळल्या होत्या. एक चालक जागीच गेला. नाव कळलेलं नाही.

आर्जानं डोळे मिटले. "देवा, माणूस सुखरूप घरी येऊ दे."

"नवऱ्याचं नाव घे की. देवाला कसं कळणार कुठला माणूस?"

"देवाला माहितीये, सिन्योरा."

लेदांनी हात पुसले. "मी नवस बोलले बघ. एक मेणबत्ती. जास्त नाही, मेण किती महागलंय. तू घोटभर वाइन घे, रंग उडालाय तोंडाचा. तळघरात आहे ना? मी आणते."

"नको!" आर्जा केवढ्यानं ओरडली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "पायरी मोडलीये. पडाल तुम्ही."

तेवढ्यात खाली काहीतरी फटकन फुटलं. दोघी दचकल्या.

"लाम्ब्रुस्को," आर्जा घाईनं म्हणाली. "वसंतात ही वाइन फसफसते, बाटल्या फुटतात आमच्या."

"आमच्याही फुटतात. गळ्याला तार घट्ट बांधावी."

घंटेचा एक ठोका पडला.

मग काही नाही.

लेदांच्या हातातलं लाटणं ओट्यावर तसंच राहिलं. रस्त्यावरची पोरं गप्प झाली. आर्जा पोत्यावरून उठली ती थेट लेदांच्या पायाशी कोसळली आणि त्यांच्या ॲप्रनमध्ये तोंड खुपसून म्हणाली, "मला माफ करा, सिन्योरा, मला माफ करा."

"माझी कशाला माफी मागतेस, पोरी?" लेदांना रडू फुटलं. "आम्हीच तुझी माफी मागायची."

आणि मग घंटा सुटली. एकामागून एक, एकमेकींवर आदळत, वेड लागल्यासारखी. बाबांच्या हातून पहिल्याच ओढीला दोर निसटला होता, एवढंच. रस्त्यावर कुणीतरी "मान्तोवी! मान्तोवी!" ओरडू लागलं.

लेदांनी आर्जाचे दोन्ही गाल पिठानं माखले. "जिंकला गं तुझा! थांब, आर्मिदोला सांगते. बिचारा अंधारात घामाघूम झाला असेल. दार फोडते आज त्याचं."

आर्जानं त्यांचं मनगट धरलं. "आधी चर्चमध्ये जा, सिन्योरा. नवस आधी."

"खरंच की," लेदा म्हणाल्या आणि डोक्याला रुमाल बांधून गेल्या.

त्यांची पावलं गल्लीच्या टोकाशी पोचेपर्यंत आर्जा थांबली. मग पिठाचं पोतं ढकललं, झडप उचलली आणि तळघरात उतरली. पायऱ्या सगळ्या शाबूत होत्या.

पिंपामागे ईवो गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. सदऱ्यावर वाइन सांडलेली, हात अजून कापत होते.

"ऊठ, जिंकलास तू," आर्जा म्हणाली. "आता बंधाऱ्यावर पळ, मालक गाडी घेऊन तिथंच येतील. मालकांच्या अंगातला तुझा कोट आणि चष्मा चढव आणि त्यांना मागच्या खिडकीतून ऑफिसात सोड. जरा लवकर कर, सिन्योरांनी नवस एकाच मेणबत्तीचा बोललाय."