मेरीने केलेली सही

"लग्न लावताना तुम्ही घंटा वाजवता, आणि मोडताना पोस्टाने पाकीट पाठवता! लाज नाही वाटत?"

तेरेसा हे भिंतीला म्हणाली. चर्चच्या कोर्टाचे कागद टेबलावर पडले होते. लग्न १९९८चं, कागद २०१७चे. नवरा ॲलिस्टर दोन वर्षांपासून शेजारच्या वॉन शहरात वेगळा राहत होता. त्याला दुसरं लग्नही चर्चमध्येच करायचं होतं. त्यासाठी पहिलं झालंच नव्हतं, असं ठरायला हवं होतं.

कॅनडातल्या ब्रॅम्पटनच्या त्या भाड्याच्या बेसमेंटमध्ये फॉर्म भरायचं काम मुलीचं. हेल्थ कार्डापासून सगळं जेनेलच भरायची. वसईच्या मराठी शाळेत शिकलेली आई खाली सही करायची. सोळा वर्षांच्या जेनेलने हिस्ट्रीचा प्रोजेक्ट बाजूला सारला, पेन उघडलं.

"मॉम, सेम माझ्या प्रोजेक्टसारखं आहे हे. इंग्लंडच्या किंग हेन्रीने ठरवलं, त्याची मुलगी मेरी, तिच्या मॉमशी लग्न झालंच नव्हतं. मग मेरी प्रिन्सेस नाही राहिली. आईला भेटूपण देईनात."

"पोरीचा काय गुन्हा?"

"नथिंग. कॅथलिक राहिली, आईच्या बाजूने राहिली. शी वॉज ट्वेंटी. शेवटी तिच्याकडून सही घेतली, की आईचं लग्न खोटं. म्हणतात, तिने वाचलंसुद्धा नाही."

"केली सही?"

"केली. नाहीतर मारली असती."

"आई होती तेव्हा?"

"नाही. आधीच गेलेली."

"सुटली बिचारी." तेरेसा खुर्ची ओढून बसली. "वाच पुढे."

"डॅडा फोनवर म्हणाला, चौदाव्या प्रश्नाला 'नो' लिही, पटकन होऊन जाईल. लग्न नव्हतंच असं ठरलं, तरी मी लेजिटिमेटच राहते म्हणे."

"चौदाव्यात काय आहे?"

"लग्नाच्या दिवशी दोघांची संमती खरी होती का?"

तेरेसा हसलीच. "आदल्या दिवशी नवरा-नवरीच्या अंघोळीला उंबराचं पाणी आणायला अख्खी आळी विहिरीवर गेलेली. त्याच्या दारात वाजणारं घुमट माझ्या दारात ऐकू येत होतं. स्वतःच बडवत होता, मेला!"

जेनेल हसली नाही. पेन चौकटीवर थांबलं होतं.

"मॉम, तू फक्त बोलणार. लिहिणार मी. तुझं लग्न खोटं, असं मी माझ्या हाताने लिहू?"

तेरेसाने मुलीकडे बघितलं. मग कागद तिच्यापुढे सरळ केला.

"चांगल्या इंग्लिशमध्ये लिही. माझी संमती खरी होती. त्याची नव्हती, तर एवढी वर्षं माझ्या हातचं कोण जेवत होतं? लेखी उत्तर द्या म्हणावं."