बाबागाडीच्या वाटा

चहाचा कप घेऊन कादंबरी टेबलाशी आली, तेव्हा सासूबाई, प्रभाताई, चष्मा लावून माहितीपत्रक पाहत होत्या. जर्मनीतल्या ज्या डोंगरगावी ते सुट्टीला आले होते, त्या मिटेनवाल्डच्या पर्यटन कार्यालयात फुकट मिळणारं, वसंतातल्या भटकंतीचं. त्यातल्या काही वाटांभोवती कादंबरीने पेनाने गोल केले होते.

"वर अजून बर्फ आहे, आई. म्हणून खालच्याच वाटा घेतल्यात," ती म्हणाली. "आज तळ्याभोवती. मध्ये मध्ये बाक आहेत, शेवटी कॅफे. म्हणजे अगदी आरामात."

हे अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं म्हणजे प्रभाताईंचे गुडघे. पुण्याहून आल्यापासून मुलाच्या झिंडेलफिंगेनच्या घराचा जिना चढताना त्या प्रत्येक वळणावर थांबत, आणि कुणी पाहिलंच तर खिडकीबाहेरच्या झाडांचं कौतुक सुरू करत. एवढं कौतुक त्या झाडांचं कुणी जन्मात केलं नसेल. पण गुडघ्यांचं नाव काढलेलं त्यांना खपायचं नाही. हृषिकेशने एकदा काढलं, तर नंतर दोन दिवस त्या आपल्या मुलाशी कामापुरतंच बोलल्या. म्हणून कादंबरीने गाजावाजा न करता पायऱ्या नसलेल्या, चढ नसलेल्या वाटा शोधून काढल्या होत्या.

प्रभाताईंना जर्मन येत नव्हतं, पण चित्रं कळत होती. त्यांचं बोट एका गोलावर थांबलं, मग दुसऱ्यावर. सगळे गोल पाहून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि सुनेकडे बघत राहिल्या.

कादंबरीने सॅक उचलली, तर त्यांनी ती तिच्या हातातून काढूनच घेतली.

"ठेव. हृषी आणेल गाडीपर्यंत. ब्रेड घेऊन येईलच तो आता. तू बस आधी. आणि चहा कसला पितेस, दूध घे."

"मला दूध आवडत नाही, आई."

"आता आवडून घ्यायचं." त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "सांगितलं नाहीस ते बरोबरच केलंस. पहिले काही महिने सांगूच नये. पण मला कळलंय, तर गप्प कशी बसू? कितवा चाललाय?"

कादंबरीला काही उमगेना. प्रभाताईंनी माहितीपत्रक तिच्यापुढे सरकवलं. प्रत्येक वाटेच्या नावापुढे लहान लहान चित्रं होती. कुठे डोंगरात चालायचा बूट, कुठे केबल कार. गोल केलेल्या प्रत्येक वाटेपुढे मात्र बाबागाडी होती.

"परवा डॉक्टरकडे गेलीस, त्याच्या आधीही गेलीस. मी विचारलं नाही. पण माझं लक्ष असतं हो."

आता काय बोलावं? काहीही बोललं तरी या बाईचा उजळलेला चेहरा विझणारच होता, आणि तो आपल्यामुळे विझणार, याचंच कादंबरीला भयंकर वाईट वाटलं.

"आई, तसं नाहीये. बाबागाडी म्हणजे वाट सपाट आहे, एवढंच."

"मग तुला सपाट वाट कशाला हवी?"

"मला नाही. तुम्हाला."

प्रभाताईंचा हात आपसूक गुडघ्यावर गेला. मग हळूच म्हणाल्या, "आणि डॉक्टर?"

"ट्रीटमेंट चालू आहे. दोन वर्षं झाली." कादंबरी टेबलक्लॉथकडे बघत बोलत होती. "परवा सांगितलं त्यांनी. याही वेळी नाही." तिने टेबलक्लॉथची सुरकुती बोटाने सारखी केली. "हृषीला कळू देऊ नका, मी तुमच्याजवळ बोलले ते. तुम्हाला सांगायचं नाही, असं ठरलंय आमचं."

एवढं बोलली आणि तिला रडू फुटलं. दवाखान्यात फुटलं नव्हतं, परतीच्या गाडीतही नाही.

तेवढ्यात दार उघडून हृषिकेश आत आला. हातात ब्रेडची गरम पिशवी.

"चला, तयार का सगळे? ऊन काय मस्त पडलंय." मग त्याचं बायकोकडे लक्ष गेलं. "काय झालं? कादंबरी? आईला काही..."

"तिला काय विचारतोस, मला विचार." प्रभाताईंनी दोन्ही हात टेबलावर रोवले आणि उठल्या. उठताना "आई गं" म्हणाल्या, चांगलं खालच्या मजल्यावर ऐकू जाईल असं. "माझे गुडघे पार गेलेत. जिनासुद्धा चढवत नाही मला. तिच्या केव्हाच लक्षात आलंय ते. आत्ता बोलली, तर मी तिला वाटेल ते ऐकवलं. म्हणून रडतेय."

हृषिकेश पिशवी हातात धरून नुसता उभा राहिला. आईच्या तोंडून हे असलं काही तो पहिल्यांदाच ऐकत होता.

"बघत काय उभा राहिलास? सॅक घे." प्रभाताईंनी कादंबरीपुढे हात केला. "आणि तू इकडे ये गं. मला धर. तुझ्याशिवाय नाही जमायचं मला."