धाकटीचं घड्याळ

थोरलीनं बाथरूमच्या दाराला आतून कडी घातली आणि धाकट्या जावेचं घड्याळ स्वतःच्या मनगटावर चढवलं. शहात्तराव्या वर्षी चोरी! धाकटी जेवून आडवी झाली होती आणि घड्याळ बेसिनवर पडलं होतं. थोरलीनं ते स्वेटरच्या बाहीखाली सारलं, उगाचच नळ सोडून बंद केला आणि बाहेर येऊन खुर्चीत बसली. बघू तरी, असं काय सोनं लागलंय त्याला!

ते घड्याळ वेळ बघायचं नव्हतंच. दोघी जावांना दोन महिन्यांच्या अंतरानं कॅन्सर निघाला. दोघींची केमो एकाच हॉस्पिटलात, एकाच दिवशी. घड्याळ मात्र एकटीला मिळालं. ते अंगातला ताप आणि नाडी मोजायचं आणि फोनमधून थेट हॉस्पिटलला कळवायचं. हॉस्पिटलात फॉर्म भरून घेणाऱ्या मुलीनं थोरलीचं वय वाचलं आणि पेनाला टोपण लावलं.

"सत्तरीच्या पुढे देत नाही आम्ही. आजींना नाही जमायचं. त्यांना आपला कागद बरा."

धाकटी अडुसष्टची, म्हणून ती काकू. आणि थोरली आजी! तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून हिनं अख्ख्या गावाचे फोन जोडून दिले, आणि हिला म्हणे जमायचं नाही. जिला मुलाला हाक मारल्याशिवाय फोनचा आवाज कमी करता येत नाही, तिला मात्र जमतं!

तेव्हापासून घरात घड्याळाचंच कौतुक चाललं होतं. रोज सकाळी हॉस्पिटलातून फोन यायचा. "काकू, झोप लागली का? काकू, पाणी पिताय ना भरपूर?" धाकटी मुद्दाम स्पीकर लावून बोलणार, म्हणजे सगळ्या घराला ऐकू जावं. थोरलीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तिच्या कागदावर रोजचा ताप लिहायला चौकोन आखले होते. कोण वाचतंय मेलं ते? ती सोमवारीच आठवड्याचे सगळे चौकोन भरून मोकळी व्हायची. अठ्ठ्याण्णव, अठ्ठ्याण्णव, अठ्ठ्याण्णव. थर्मामीटर डबीतून बाहेरसुद्धा येत नव्हता.

आज तर सकाळपासून तिची कानशिलं तापली होती, डोकं भणभणत होतं. जळफळाट, दुसरं काय! चहाचा कप देताना धाकटीचा हात तिच्या हाताला लागला.

"जाऊबाई, कणकण आहे का हो अंगात? फोन करू हॉस्पिटलला?"

"तू तुझं बघ. मला काही धाड भरलेली नाही."

धाकटीनं कप टेबलावर ठेवला आणि ती आत निघून गेली. तिचं ते निघून जाणंसुद्धा थोरलीला झोंबलं.

घड्याळ घालून वीसेक मिनिटं झाली असतील. धाकटीचा फोन वाजला. तिच्या मुलानं तो उचलून स्पीकर लावला.

"काकूंचा ताप एकशे एकच्या वर दिसतोय. नाडीही फार जोरात आहे. केमो चालू असताना थांबून चालणार नाही. असतील तशा घेऊन या."

झालं! मुलगा गाडीची किल्ली शोधायला पळाला. धाकटी उठून बसली, चष्मा लावला, केस सारखे केले. थोरली खुर्चीत खिळून राहिली. खरं सांगायचं तर पहिल्यांदा तिला भीती वाटलीच नाही. वाटला तो हेवाच. ताप हिचा आणि धावपळ तिच्यासाठी! आजारपणसुद्धा माझ्या नावावर राहू देत नाही ही बाई!

भीती मागाहून आली. केमोवर ताप अंगावर काढला तर माणूस दोन दिवसांत हातचं जातं, असं डॉक्टरांनी दोघींना बजावलं होतं. आता ही सगळी जाणार धाकटीला घेऊन आणि थोरली बसणार ताप घेऊन घरात. सांगावं, तर पुतण्यासमोर चोर ठरायचं. ज्या पोराला अंगाखांद्यावर खेळवलं, त्याच्यासमोर! त्यापेक्षा मेलेलं काय वाईट?

"जाऊबाई, तुम्हीही चला ना," धाकटी दाराशी उभी राहून म्हणाली. "सोबत होईल मला."

"मी कशाला नाचू तुझ्या मागे?"

सवयीनं बोलून गेली खरी, पण दातावर दात आपटायला लागले होते. अंगावर काटा आला होता. मुलानं दार उघडलं. तिला एकदम वाटलं, आता हे दार लागलं की संपलं आपलं.

"थांबा रे," ती कशीबशी म्हणाली. तिनं बाही वर सारली. "ताप तिला नाही, मला आहे. घड्याळ माझ्या हातात आहे. चोरलं मी."

मुलगा आ वासून बघतच राहिला. धाकटीच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. तिनं दारामागची पिशवी उचलून मुलाच्या हातात दिली. वर थोरलीची शाल होती. तिच्याखाली थोरलीची फाईल आणि थोरलीच्या गोळ्यांची डबी. सगळं व्यवस्थित भरून ठेवलेलं.

थोरलीनं पिशवीकडे बघितलं, मग जावेकडे.

"म्हणजे बेसिनवर तू मुद्दाम ठेवलंस? अगं बये, एवढं कळलं होतं तर सरळ माझ्या हातात द्यायचं होतंस!"

धाकटीनं खाली वाकून तिच्या पायात चपला सरकवल्या.

"दिलं असतं तर घातलं असतंत?"